आणेवारी गुणांची

१८६९ साली नाशिक जिल्हा नव्याने अस्तित्वात आला, तेव्हा तोपर्यंत खानदेशात मोडणारा बागलाण तालुका त्यात सामील करण्यात आला आणि सटाण्याच्या मामलेदार कचेरीतील कागद धुळ्याऐवजी नाशिकच्या कलेक्टरकडे रवाना होऊ लागले. त्या कागदांत मोजल्यावाचून राहिलेली वस्तू शोधूनही सापडणे कठीण होते. जमिनीची पैमाश होऊन तिची खोली, रंग आणि पोत पाहून आणे-पैच्या हिशेबाने तिला प्रत लागे. उभ्या पिकाची आणेवारी होई. विहिरी, बैल, नांगर आणि गाड्या यांची मोजदाद होई. आणि हे सारे आटोपले म्हणजे माणसाच्या स्वभावाची पाळी येई. जेम्स कँबेल यांच्या संपादनाखाली १८८३ साली निघालेला मुंबई गॅझेटियरचा नाशिक खंड उघडला, की जिल्ह्यातील एकेका जातीच्या अन्नवस्त्राच्या व लग्नमुंजीच्या नोंदींबरोबर तिच्या पदरी चार-दोन विशेषणेही बांधलेली आढळतात: कोणी कष्टाळू व काटकसरी, कोणी शांत व अतिथिप्रिय, कोणी आळशी, कोणी व्यसनी. ही विशेषणे किती माणसे पाहून आणि कोणत्या कसोटीने लावली, हे विचारण्याची त्या काळी रीत नव्हती; अंमलदाराचा अभिप्राय हाच पुरावा आणि त्याची सही हीच कसोटी. त्यातही एक भेद लक्षात आल्यावाचून राहत नाही. स्वभावाची विशेषणे बहुतांशी पुरुषांना नजरेपुढे ठेवून बेतलेली दिसतात; स्त्रिया येतात त्या लुगडे, चोळी आणि नाकाकानांतील दागिने यांच्या तपशिलात.

पुरुषांच्या स्वभावगुणांची ही प्रतवारी केवळ ग्रंथविलास नव्हती. तिच्यावर पलटणीतील भरती अवलंबून होती. बागलाण व सातपुड्याच्या डोंगरांतील ज्या भिल्लांना कंपनी सरकारचे कागद दरोडेखोर म्हणून ओळखत होते, त्यांचीच पलटण १८२५ साली जेम्स औट्रम यांनी खानदेशात उभी केली, तेव्हा तीच माणसे पाहता पाहता इमानी आणि मर्दानी ठरली. उलट शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लढाऊ जातींचा जो सिद्धांत उचलून धरला, त्यात पंजाबी व गुरखे वर चढले आणि मद्रास व मुंबई इलाख्यांतील शिपाई लढण्याची धमक गमावून बसलेले म्हणून खाली उतरले. ज्या तालुक्यातील साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ साली मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात धूळ चारली होती, त्या तालुक्यातल्या कुणब्याला हे प्रमाणपत्र वाचावयास मिळाले असते, तर त्याने काय म्हटले असते ते लिहिण्यासारखे नाही. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणींनी शौर्य गाजविले आणि सरकारच्या तक्त्यात मराठ्यांचे पुरुषत्व पुन्हा जमेस धरण्यात आले. मधल्या काळात माणसे बदलली नव्हती. गरज बदलली होती. सत्तेने मर्दानी आणि बायकी या दोन विशेषणांनी अवघ्या समाजांची कशी वाटणी केली आणि वाटणी झालेल्यांनीही ती कशी मनोमन मान्य केली, याचे मर्मग्राही विवेचन आशीष नंदी यांनी १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे.

परंतु हे खूळ इंग्रजांनीच आणले, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिसंग्रहातील एका सुप्रसिद्ध श्लोकात पुरुषाला एकक धरून स्त्रीचा आहार दुप्पट, लज्जा चौपट, साहस सहापट आणि काम आठपट असल्याचे निःशंकपणे सांगितले आहे. स्त्रीपुरुषांच्या गुणांचे अंकांनी केलेले इतके स्वच्छ मापन पुढे अमेरिकन विद्यापीठांनाही साधले नाही. काही पाठांत लज्जेच्या जागी बुद्धी येते, आणि लज्जा गेली व बुद्धी आली तरी गुणक चारचा चारच राहतो, ही गोष्ट मापनशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य ध्यानात घ्यावी. त्याच परंपरेतील दुसऱ्या एका श्लोकात स्त्रियांचे स्वाभाविक दोष म्हणून असत्य, साहस, कपट, मूर्खपणा, अतिलोभ, अस्वच्छता आणि निर्दयता यांची यादी आहे. साहस आणि निर्दयता स्त्रीच्या खात्यावर मांडलेली आहेत, एवढे वाचकाने तूर्त लक्षात ठेवावे. त्याचे कारण पुढे येईल.

या एकतर्फी हिशेबाची पहिली खरी तपासणी मराठीत झाली आणि ती एका स्त्रीने केली. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले बापूजी हरी शिंदे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाशी संबंधित गृहस्थ; त्यांची कन्या ताराबाई हिने ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध लिहिला आणि तो १८८२ साली पुण्यात छापून निघाला. निमित्त झाले होते ते सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक तरुण ब्राह्मण विधवेचे. स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याबद्दल तिला १८८१ साली फाशीची शिक्षा सुनावण्यात आली, पुढे ती सौम्य करण्यात आली. आणि या प्रकरणाचा आधार घेऊन ‘पुणे वैभव’ या पत्रातून एकंदर स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ताराबाईंनी त्या एका लेखाला उत्तर दिले नाही. त्या लेखामागे उभ्या असलेल्या सबंध यादीलाच त्यांनी उत्तर दिले. स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचे घर, साहसाचे नगर, कपटाचे आगर, अशा थाटाचा जो जुना श्लोक पंडितांच्या तोंडी असे, तो त्यांनी समोर घेतला आणि त्यातील एकेक कलम उचलून विचारले: हा दोष स्त्रियांत किती, आणि पुरुषांत किती?

ही पद्धत वरकरणी साधी वाटते. पण तिच्यात मापनाचे एक मूलतत्त्व दडलेले आहे आणि ते पुढच्या अनेक विद्वानांच्या हातून निसटले. ज्याच्याशी तुलना करावयाची, त्याचेही माप घेतलेच पाहिजे. श्लोककर्त्याने पुरुषाला एकक धरले, म्हणजे त्याला तराजूत बसविलेच नाही. ताराबाईंनी त्याला उचलून दुसऱ्या पारड्यात टाकले. कपट म्हणाल, तर कोणाचे कपट घरे बुडविते? चंचलपणा म्हणाल, तर पत्नी निवर्तल्यावर दुसरे लग्न करण्याची घाई कोणाला होते, आणि त्याच अवस्थेतील विधवेला जन्मभर कोंडून कोण ठेवतो? पतीला देव मानावे असे असेल, तर देवाने देवासारखे वागावे ही अटही त्याच करारात नको काय? असे प्रश्न त्या विचारीत जातात. भाषा तिखट आहे, उपहास ठायी ठायी आहे. तरी मला त्या निबंधात कचेरीतल्या माणसाची शिस्त दिसते. तपासनीसाने वहीतील एकेका रकमेवर बोट ठेवून ‘ही कोणाच्या नावे?’ असे विचारावे, तसे त्या लिहितात. हेडक्लार्काच्या घरात वाढलेल्या मुलीला दप्तराची ही रीत आपसूक अवगत झाली असावी, असे मानावयास मला आवडते. स्वकीयांपैकीच काहींना हा निबंध रुचला नाही, तेव्हा फुल्यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक विस्मृतीत गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत नव्वदांहून अधिक वर्षे ते जवळजवळ कोणी वाचले नाही.

मध्यंतरी ज्या विद्येने या विषयावर आपला हक्क नोंदविला ती मानसमापनाची विद्या. जे काही अस्तित्वात आहे ते कोणत्या ना कोणत्या प्रमाणात असते, आणि जे प्रमाणात असते ते मोजता येते, हे थॉर्नडाइक यांच्या नावाशी निगडित झालेले वचन तिचे ब्रीद होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी सुधारून घेतली. तिच्या धर्तीवर व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी कसोट्या तयार केल्या, त्यामुळे टर्मन हे नाव आपल्याकडील अध्यापक वर्गाला परिचित झाले. याच टर्मन यांनी कॅथरिन कॉक्स माइल्स यांच्या सहकार्याने १९३६ साली पुरुषत्व आणि स्त्रीत्व मोजणारी ४५६ प्रश्नांची कसोटी प्रसिद्ध केली. शब्दांचे साहचर्य, शाईच्या डागांतून दिसणाऱ्या आकृती, सामान्यज्ञान, राग, भीती आणि किळस यांच्या प्रतिक्रिया, आवडीनिवडी अशा सात प्रकारच्या चाचण्यांतून ज्या उत्तराकडे पुरुषांचा कल अधिक, त्याला अधिक चिन्ह आणि ज्याकडे स्त्रियांचा, त्याला उणे चिन्ह, असा तिचा हिशेब होता. कसोटी देणाऱ्यांना तिचा खरा हेतू कळू नये म्हणून तिला ‘अभिवृत्ती व अभिरुची’ यांच्या विश्लेषणाचे निरुपद्रवी नाव देण्यात आले होते. अभियंते या मापाने वर गेले, धर्मोपदेशक खाली आले. स्त्रीत्वाच्या बाजूस उणे चिन्हच का, हा प्रश्न ताराबाईंनी पहिल्या पानावरच विचारला असता.

मिनेसोटा येथील हॅथवे आणि मॅकिन्ली यांच्या १९४३ च्या सुप्रसिद्ध व्यक्तिमत्त्व कसोटीतही असेच एक परिमाण घालण्यात आले. त्यासाठी तुलनेला घेतलेले पुरुष मुख्यतः सैनिक होते आणि स्त्रिया विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या. लॉर्ड रॉबर्ट्स यांना हे वाचून समाधान वाटले असते. पुरुषत्वाचा वस्तुपाठ शेवटी छावणीतच सापडला! या सर्व कसोट्यांचे गृहीत एकच होते, की पुरुषत्व आणि स्त्रीत्व ही एकाच काठीची दोन टोके आहेत आणि एकाकडे जावयाचे तर दुसऱ्यापासून तितकेच दूर सरावे लागते. १९७३ साली ॲन कॉन्स्टँटिनोपल यांनी या गृहीताला कसलाच आधार नाही हे दाखवून दिले आणि थॉर्नडाइक यांच्या वचनाला हा विषय अपवाद तर नव्हे ना, अशी शंका आपल्या लेखाच्या शीर्षकातच नमूद केली.

पुढच्याच वर्षी, १९७४ साली, स्टॅनफर्डच्याच सँड्रा बेम यांनी काठी मोडून दोन स्वतंत्र पट्ट्या केल्या. त्यांच्या यादीत साठ गुणविशेष होते: वीस पुरुषी मानलेले, वीस बायकी मानलेले, वीस दोहोंपैकी कोणाचेच नव्हेत असे. प्रत्येक शब्द आपल्याला कितपत लागू पडतो, हे एक ते सात या अंकांत आपले आपणच नोंदवावयाचे आणि दोन्ही वीसांची बेरीज वेगवेगळी करावयाची. ठामपणा, नेतृत्व, जोखीम पत्करण्याची तयारी, झटकन निर्णय घेणे, स्पर्धाप्रियता, आक्रमकता हे एका रकान्यात. करुणा, मार्दव, दुसऱ्याच्या गरजेची जाण, दुखावलेल्याचे सांत्वन करण्याची उत्सुकता, मृदू वाणी, मुलांची आवड हे दुसऱ्या रकान्यात. त्याच रकान्यात लाजाळूपणा, भोळसटपणा आणि बालिशपणा हेही येऊन बसले होते. १९८१ मध्ये यादी तीस शब्दांवर आणली गेली, तेव्हा यांना रजा मिळाली. टेक्ससच्या जॅनेट स्पेन्स आणि रॉबर्ट हेल्मराइक यांच्या कामाचा परिणाम होऊन या दोन बेरजांवरून माणसांचे चार गट पाडण्याची प्रथाही पडली: पुरुषी, बायकी, दोन्ही गुण विपुल असलेले उभयगुणी, आणि दोन्हींत तुटपुंजे. बेम यांचे म्हणणे असे, की उभयगुणी माणूस प्रसंगाला साजेसा वागू शकतो आणि त्याचे मन अधिक निरोगी असते.

गुणांचे रकाने ठरविले कोणी? स्टॅनफर्डमधील शंभर विद्यार्थ्यांनी. अमेरिकन समाजात अमुक गुण पुरुषाच्या ठायी किती इष्ट मानला जातो आणि स्त्रीच्या ठायी किती, असे त्यांना विचारले गेले आणि त्यांच्या उत्तरांवरून निवड झाली. बेम यांनी ही गोष्ट लपविली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय. पण आता मघाचा श्लोक आठवावा. साहस आणि निर्दयता तेथे स्त्रीच्या खात्यावर होती. कॅलिफोर्नियात धाडस पुरुषाकडे गेले आणि स्त्रीच्या वाट्याला करुणा आली. ज्याला दोघेही ‘स्वभाव’ म्हणतात तो खंड आणि शतके ओलांडताना रकाना बदलतो, आणि प्रत्येक वेळी पंच आपापल्या गावचे असतात.

सटाण्यापुरते बोलावयाचे तर येथील लोकांनी आपले गुणदर्शन फार पूर्वीच, कोणतीही प्रश्नावली न वाटता, केलेले आहे. १८१५ साली पुण्यात जन्मलेले यशवंत महादेव भोसेकर खानदेशातील अनेक तालुक्यांत सरकारी चाकरी करून सटाण्यास मामलेदार म्हणून आले आणि १८७०च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेलेल्यांसाठी खुला केला. आकडा एक लाख सत्तावीस हजारांचा सांगतात. वरिष्ठांकडून तपासणी आली तेव्हा तिजोरीत पै न पै जागच्या जागी होती, अशी आख्यायिका आहे. १८८७ साली नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. गोदातीरी त्यांची समाधी आहे, सटाण्यात आरम नदीच्या काठी मंदिर आहे, आणि मार्गशीर्षात त्यांच्या नावाने यात्रा भरून रथ निघतो. मामलेदार म्हणजे वसुली, जप्ती आणि हुकूम. या पदावरील मनुष्याला लोकांनी देव म्हणावे ही घटना मराठी मुलखातही विरळाच.

आता या कृत्याची नोंद बेमबाईंच्या कोणत्या रकान्यात करावयाची? नोकरी आणि अब्रू पणाला लावणे ही जोखीम. हुकमाची वाट न पाहता कुलूप काढणे हा निर्णय. वरिष्ठांपुढे उभे राहण्याची तयारी हा ठामपणा. तीनही पुरुषी वीसांतले. पण ज्याने हे सारे घडविले ती दुसऱ्याच्या भुकेची जाणीव आणि करुणा बायकी वीसांतली. यशवंतरावांना उभयगुणी म्हणून मोकळे होता येईल आणि बेम यांची पद्धती टर्मनपेक्षा किती सरस हेही त्यावरून सिद्ध होईल; टर्मनच्या काठीवर ही माणुसकी धर्मोपदेशकांच्या शेजारी, उण्याच्या बाजूस जाऊन बसली असती. तरी माझे समाधान होत नाही. उभयगुणी म्हणताना आपण असे समजतो, की दोन वेगळी द्रव्ये एका भांड्यात आहेत. आणि त्या दिवशी सटाण्याच्या कचेरीत दोन द्रव्ये नव्हतीच. करुणा नसती तर ती जोखीम नुसती अफरातफर ठरती, आणि जोखीम नसती तर ती करुणा हळहळीत विरून जाती. तिजोरीचा हिशेब पूर्ण जुळला, हा आख्यायिकेचा भागही मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटतो: भक्तांना दयाळू मामलेदार हवा होता, पण हिशेबात चुकलेला मामलेदार नको होता.

स्त्रियांच्या बाजूने पाहिले तर यादीची आणखी फजिती होते. कठोर भाषा न वापरणे हे बेम यांच्या बायकी वीसांतील एक कलम आहे. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून हातवारे करीत एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात; तो ‘बोरीचा बार’ पाहावयास परगावचे लोक जमतात. खानदेश-बागलाणात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके टांगतात, उंच चढून गातात आणि सासरच्या माणसांची गाण्यांतून यथेच्छ हजेरी घेतात. त्याच दिवशी पुरुषमंडळी पत्त्यांच्या डावात दंग असतात. एक दिवसाचा परवाना देऊन वर्षभराची मुस्कटदाबी पचवावयाची ही समाजाची युक्ती आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खोटेही ठरणार नाही. पण हा परवाना काढावा लागतो याचाच अर्थ वाणीचे ते सामर्थ्य तेथे आहे. उरलेले दिवस ते मोजणाऱ्याला दिसत नाही एवढेच.

पुढे बेम यांनी स्वतःच आपल्या या मापनपट्टीच्या मर्यादा मांडल्या. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आणि त्याआधीच्या लेखांतही त्यांचा रोख असा आहे, की उभयगुणी या कल्पनेतसुद्धा पुरुषी आणि बायकी असे दोन साठे गृहीत धरलेलेच असतात, आणि खरा प्रश्न माणसात हे दोन्ही साठे आहेत की नाहीत हा नसून समाज प्रत्येक वस्तूकडे या एकाच चष्म्यातून का पाहतो हा आहे. तरीही त्यांची साठ शब्दांची यादी देशोदेशी भाषांतरित होऊन वापरात राहिली, कारण वीस आणि वीस यांची बेरीज करणे सोपे असते आणि चष्म्याची चिकित्सा करणे कठीण.

बागलाणातील एखाद्या महाविद्यालयीन अभ्यासकाने हा विषय हाती घेतला, तर स्टॅनफर्डची यादी भाषांतरून मुलामुलींपुढे सात चौकटी ठेवण्याची घाई त्याने करू नये, अशी माझी सूचना आहे. आधी त्याने सटाण्याच्या कांदा बाजारात आणि डाळिंबाच्या बागांत, आखाजीच्या झोक्याखाली आणि मार्गशीर्षाच्या यात्रेत माणसे एकमेकांना कोणत्या शब्दांनी नावाजतात व कोणत्या शब्दांनी हिणवतात ते अहिराणीतच टिपून घ्यावे. मग तोच शब्द पुरुषाबद्दल वापरला असता त्याचा भाव वाढतो की उतरतो, हे वेगळ्या रकान्यात मांडावे. पंच म्हणून निम्म्या तरी सासुरवाशिणी बसवाव्यात. आणि तक्ता तयार झाला म्हणजे ताराबाईंचा निबंध शेजारी ठेवून एकेका रकमेपुढे त्यांचाच प्रश्न लिहावा.